प्रेक्षकांच्या रकान्यात

आधी मी त्याला पिंजऱ्यातच घातलं होतं.
खेळाचा नियमच तसा:
प्राणी म्हटला की कुंपण,
कुंपण म्हटलं की दार,
दार म्हटलं की राखणदाराचा पगार.

शेतातला भारीट. आमच्याकडे पेल्टोसिर्कू.
वजन बावीस ग्रॅम, म्हणजे अंड्याच्या निम्मंही नाही.
डोकं राखी-हिरवं, चोच गुलाबी,
डोळ्याभोवती पिवळं कडं इतकं नेमकं
की वाटावं कुणीतरी रात्री जागून रंगवलंय.
रंगवलंयच.
बटाट्याच्या गोदामातली पाळी संपवून
सलग तीन रात्री,
नखांत तिर्नावाची माती तशीच.

सांगाडा मात्र उसना, खेळातल्या पोपटाचा.
त्यामुळे बिचारा फांदीवरून सरकायचा
तो खांदे उडवत, गावच्या सरपंचासारखा.
ते सुधारायला महिना गेला.

गाणं एका जुन्या संग्रहातून घेतलं होतं.
शेजारचा एव्हर्ट चष्मा पुसत बसला पडद्यासमोर.
वय ब्याऐंशी. बारीक आवाज त्याचे कान
केव्हाच सोडून गेलेत,
म्हणून तो आवाजाची रेघ बघत होता,
बोटानं, उसाच्या पेरांसारखी मोजत –
नाही, ऊस इथे कुठला, कुंपणाच्या खुंटांसारखी मोजत.
म्हणाला, "सायमी, हा आपल्यातला नव्हे.
आपला शेवटी खाली उतरायचा.
हा चढतोय."

मग कशी असते आपली, विचारलं.
त्यानं कवळी काढून पेल्यात ठेवली
आणि शीळ घातली.
चार वर, एक खाली.
पुन्हा चार वर, एक खाली.
स्वयंपाकघरात कॉफी उतू गेली, कुणी उठलं नाही.

ती शीळ मी चार पट्ट्या वर चढवली.
आता खेळात जो भारीट गातो
तो एव्हर्टच्या हिरड्यांतून गातो,
आणि ते एकट्या एव्हर्टला ऐकू येत नाही.
"जमलं का?" तो विचारतो.
"जमलं," मी म्हणते. अंदाजानंच.
मी जन्मले तेव्हा आमच्या बांधांवर
तो उरलाच नव्हता.

पिंजऱ्यात तो गाईना.
आनंदाची पट्टी हिरवीगार, दाणे भरपूर,
तरी गाईना. चूक कुठली ते सापडेना.
चूक नव्हतीच बहुतेक.

एका पहाटे पाचला मी त्याचं नाव
प्राण्यांच्या यादीतून खोडलं
आणि प्रेक्षकांच्या यादीत लिहिलं.
तिकीट शून्य. उंची सोळा सेंटिमीटर.
सोबत लहान मूल नाही. खर्चायला पैसे नाहीत.
मेमध्ये फाटकातून आत यावं,
ऑगस्टमध्ये वाटलं तर निघावं.

प्रेक्षकांना या खेळात तक्रारी असतात:
बाकडी कमी, आइस्क्रीम महाग,
सिंह झोपलेलाच.
भारिटाच्या डोक्यावरही तसा ढग उमटू लागला.
त्यात मी दोनच गोष्टी लिहून ठेवल्या:
*उघडा चर नाही.*
*कोपरा न कापता ठेवा.*

एव्हर्टनं ते वाचलं.
दोनदा वाचलं.
त्याच्या शेतातले सगळे चर त्यानंच बुजवले होते,
सरकारी अनुदानात, खालून नळ टाकून,
ट्रॅक्टर सरळ वळावा म्हणून.
त्याबद्दल तो काही बोलला नाही.
म्हणाला, "तो उंदीर दे इकडे."

एका बोटानं, जिभेचं टोक ओठात धरून,
हत्ती आणि उपाहारगृह यांच्यामधल्या
महागड्या हिरवळीत त्यानं चर खणला.
खेळानं दंड आकारला. त्यानं भरला.

मग मागे सरून बराच वेळ बघत राहिला
आणि मान हलवली.
"उतार चुकला," म्हणाला.
"पाणी थांबेल इथं."
मी सांगितलं, या खेळात पाणी वाहत नाही,
नुसतं निळं दिसतं.

त्यानं चर पुसला
आणि नदीच्या बाजूनं
पुन्हा खणायला घेतला.